पाखराच्या पलीकडच्या ग्रेस हॉपर: कंपायलरचीच परीक्षा घेणाऱ्या बाई

ग्रेस हॉपर यांच्याबद्दल तुम्ही एखादं रील पाहिलं असेल, तर त्यात एक पाखरू नक्की असणार. हार्वर्डच्या कॉम्प्युटरमध्ये पाखरू अडकलं, हॉपर यांनी ते काढलं आणि तेव्हापासून प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' म्हणायला लागले, अशी ती गोष्ट. यातलं पाखरू खरं आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू नावाच्या मशीनच्या एका रिलेत ते सापडलं, ऑपरेटरांनी ते लॉगबुकात टेपने चिकटवलं, आणि ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पण ते शोधणाऱ्या हॉपर नव्हत्या, आणि यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत तर एडिसनच्या काळापासूनची. हॉपर यांना ही गोष्ट रंगवून सांगायला आवडायची, म्हणून ती त्यांच्या खात्यावर जमा झाली.

मला ही गोष्ट जरा खटकतेच. कारण प्रोग्राममधल्या चुकांबद्दल या बाईंनी जे खरं काम केलं ते तिच्यामागे झाकलं जातं. त्यांच्या आयुष्यभराचा प्रश्न वेगळा होता. माणूस चुकणारच, मग ती चूक मशीनने पकडायची की नाही? आणि एकाच चुकीला दहा कंपन्यांची दहा मशीनं दहा वेगवेगळी उत्तरं देत असतील तर त्याचं काय करायचं?

घड्याळं, गणित आणि नौदल

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना घरातलं गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला तिने ते उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. अशी सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं, आणि यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचा असा नियम झाला. पुढचं शिक्षण पटापट सांगतो: १९२८ मध्ये व्हासार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठातून एमए, १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएचडी. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न आणि व्हासारमध्येच शिकवायची नोकरी. नव्वद वर्षांपूर्वी गणितात पीएचडी झालेल्या बायका किती असतील, विचार करा.

इथेच आयुष्य सरळ चाललं असतं. पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. हॉपर यांना नौदलात जायचं होतं. नौदलाने आधी नाही म्हटलं. वय जास्त, आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे सात किलो कमी. त्यांनी पिच्छा सोडला नाही, वजनाच्या अटीतून सूट मिळवली आणि १९४३ च्या डिसेंबरमध्ये भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. आणि बोटीवर नाही, तर थेट हार्वर्डमध्ये, हॉवर्ड एकन यांच्या मार्क वन या मशीनवर त्यांची नेमणूक झाली. महिना जुलै, साल १९४४.

कागदी टेप आणि ठिगळं

मार्क वन ५१ फूट लांब होतं. सेकंदाला तीन बेरजा करायचं, आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद घ्यायचं. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी टेपवर भोकं पाडून. तोच हिशेब पुन्हा पुन्हा करायचा असेल तर टेपची दोन टोकं एकमेकांना चिकटवून गोल करायचं, म्हणजे अक्षरशः लूप. चुकून भलत्या जागी भोक पडलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवायचं. तुमच्या फोनला 'सिक्युरिटी पॅच' येतो ना, त्यातला पॅच हा शब्द अशा कागदी ठिगळांवरूनच आलाय.

चूक पकडायला तिथे कोणीच नव्हतं, हे लक्षात घ्या. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलून देणारा प्रोग्राम. तो तेव्हा जन्मलाच नव्हता. भोक जिथे पाडलं तिथे ती सूचना, बरोबर असो वा चूक. मशीन मुकाट्याने ती पाळणार. शंका घ्यायची ती माणसाने, उत्तर आल्यावर, आकडा विचित्र दिसला तर. आणि हे आकडे युद्धाच्या कामाचे होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पातलं एक गणितसुद्धा याच मशीनवर सोडवलं गेलं.

युद्ध संपल्यावर हॉपर हार्वर्डमध्येच राहिल्या, पण तिथे कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. घटस्फोट झालेला, दारूचा त्रास वाढलेला. त्यांच्या चरित्रकारांनी हे लपवलेलं नाही, आणि मलाही लपवायचं कारण दिसत नाही. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या छोट्या कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचं मशीन बनवत होती. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँड कंपनीने ती विकत घेतली.

प्रोग्रामरला नक्कल करता येत नाही

आता खरी गंमत. तेव्हाचे प्रोग्रामर आपापल्या वहीत तयार कोडचे तुकडे लिहून ठेवायचे. वर्गमूळ काढायचा तुकडा, कोष्टक छापायचा तुकडा, असे. गरज पडली की शेजाऱ्याची वही मागायची आणि उतरवून घ्यायचं. आपण आज इंटरनेटवरून कॉपी-पेस्ट करतो तसंच, फक्त हाताने. पण उतरवताना दोन भानगडी व्हायच्या. एक म्हणजे अक्षरं बदलायची. मोकळ्या जागेसाठी डेल्टाचं त्रिकोणी चिन्ह वापरायचे, घाईत त्याचा ४ व्हायचा. इंग्रजी बी जरा फाटला की १३ दिसायचा. दुसरी भानगड बेरजेची. वहीतला तुकडा पत्ता क्रमांक शून्यापासून लिहिलेला असायचा. तो नव्या प्रोग्राममध्ये समजा २५० व्या जागेवर बसवायचा, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात २५० मिळवावे लागायचे. एका ठिकाणी बेरीज चुकली की सगळं मुसळ केरात.

हॉपर यांचं निदान साधं होतं. हुशार माणसं बेरजा करण्यात आणि नकला उतरवण्यात वाईट असतात, आणि हीच दोन कामं मशीनला छान येतात. मग मशीननेच प्रोग्राम जुळवावा! यातून ए-झिरो हा प्रोग्राम तयार झाला, आणि मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली. प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक, सगळे तुकडे चुंबकीय टेपवर. प्रोग्रामरने फक्त क्रमांक सांगायचे. ए-झिरो ते तुकडे शोधून, पत्ते जुळवून, एकसंध प्रोग्राम तयार करून देणार. आजच्या भाषेत त्याला कंपायलरपेक्षा लिंकर म्हणणं जास्त बरोबर आहे. पण कंपायलर हा शब्द रूढ झाला तो इथून, आणि तो अगदी नेमका होता. वेगवेगळ्या ठिकाणचा मजकूर गोळा करून एकत्र बांधणं, म्हणजे संकलन.

यातली एक अडचण मला फार आवडते. युनिव्हॅकच्या मेमरीत १००० शब्द मावायचे, प्रत्येक १२ अक्षरांचा. व्हॉट्सॲपवरचा 'शुभ सकाळ'चा फोटोही त्यात बसणार नाही. त्यामुळे ए-झिरोला प्रोग्राम एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत जाणं भाग होतं. मागे उडी मारायची सूचना आली तर सोपं, कारण मागची जागा माहीत आहे. पण पुढे उडी मारायची असेल तर? पुढचा तुकडा कुठे बसणार हे अजून ठरलेलंच नाही! हॉपर कॉलेजात बास्केटबॉल खेळल्या होत्या. आपल्याला बॉल घेऊन पुढे धावता येत नसेल तर तो मधल्या कोणाकडे फेकायचा आणि योग्य जागी पोचलेल्या खेळाडूने तो त्याच्याकडून घ्यायचा. त्यांनी मेमरीच्या शेवटी काही जागा राखून ठेवल्या. उडी आधी तिथे मारायची. पुढचा तुकडा बसला की त्याचा पत्ता त्या राखीव जागेत लिहून ठेवायचा. झालं काम.

कॉम्प्युटर फक्त गणित करतो, प्रोग्राम लिहू शकत नाही, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. हॉपर यांनी पुढची पायरी चढल्यावर तर लोक आणखी बिथरले. गणिताची चिन्हं नकोत, हिशेबनीसाला कळेल अशा शब्दांत प्रोग्राम लिहू दे, म्हणून त्यांच्या टीमने एक भाषा तयार केली, तीच पुढे फ्लो-मॅटिक. वरिष्ठांना दाखवताना त्यांनी तोच प्रोग्राम इंग्रजी शब्दांच्या जागी फ्रेंच शब्द टाकून चालवला, मग जर्मन. मशीनला काय, शब्दांची यादी बदलली की झालं. मराठी शब्दही चालले असते. वरिष्ठ मात्र घाबरले. अमेरिकेत बनलेल्या कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन कशी समजेल, हा त्यांचा आक्षेप! शेवटी फक्त इंग्रजीच वापरू असं कबूल करावं लागलं.

एक भाषा, अनेक दुभाषे

१९५९ पर्यंत प्रत्येक कंपनीची स्वतःची भाषा होती. मशीन बदललं की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहा. त्यावर उपाय म्हणून मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये कंपन्यांची आणि सरकारी खात्यांची बैठक झाली आणि त्यातून कोबोल ही भाषा जन्मली. हॉपर यांना सरसकट कोबोलची आई म्हणतात. हे पूर्ण खरं नाही. भाषा लिहिली ती समितीतल्या जीन सॅमेट आणि इतरांनी; हॉपर सल्लागार होत्या. पण समितीने सगळ्यात जास्त उचललं ते फ्लो-मॅटिकमधून. डिसेंबर १९६० मध्ये तोच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला. आज एकच ॲप सॅमसंगवरही चालतं आणि शाओमीवरही, यात कोणाला नवल वाटत नाही. तेव्हा ही मोठी बातमी होती.

पण बरोबर लिहिलेला प्रोग्राम दोन्हीकडे चालणं ही अर्धीच लढाई. चुकीचा प्रोग्राम दोन्हीकडे सारखाच अडखळतो का?

कॉलेजात आम्हाला कोबोल नव्हती. पुण्या-मुंबईत परदेशी बँकांची आणि विमा कंपन्यांची जुनी सिस्टिम सांभाळणारे अनेक जण आहेत, त्यांच्याप्रमाणे मलाही ती नोकरीत भेटली. त्यामुळे उदाहरणं आजची देतो, पण गोम जुनीच आहे.

समजा तुम्ही रकमेसाठी जागा ठेवली आणि तिला सुरुवातीची किंमत द्यायला विसरलात. आयबीएमच्या मेनफ्रेमवर त्या जागेत आधीचा कचरा असू शकतो, आणि त्याच्याशी बेरीज करायला गेलं की प्रोग्राम धाडकन बंद पडतो. एस-झिरो-सी-सेव्हन हा त्याचा कोड मेनफ्रेमवाल्यांना स्वप्नातही ऐकू येतो. तोच प्रोग्राम लॅपटॉपवर ग्नूकोबोल या मोफत कंपायलरने चालवा. तो न सांगता ती जागा शून्याने भरतो आणि सगळं सुरळीत चालतं. कोण बरोबर? प्रोग्रामरला ग्नूकोबोल प्रेमळ वाटेल. मला मात्र बंद पडणारा मेनफ्रेम जास्त प्रामाणिक वाटतो.

दुसरं उदाहरण. दोन आकडी जागेत ९९ आहेत आणि तुम्ही त्यात १ मिळवला. आकडा मावला नाही तर काय करायचं ते कोबोलमध्ये सांगून ठेवता येतं. सांगितलंत तर ठीक. नाही सांगितलंत तर निकाल काय येईल याची हमी स्टँडर्ड देत नाही. बऱ्याचदा डावीकडचा एक कापला जातो आणि जागेत शून्य-शून्य उरतात. शंभर रुपये जमा होते, आता काहीच नाही, आणि स्क्रीनवर एरर म्हणून एक अक्षर नाही.

पूर्णविरामाची तर वेगळीच कथा. जुन्या कोबोलमध्ये 'जर असं असेल तर' हा भाग कुठे संपतो ते पूर्णविराम ठरवायचा. एक टिंब भलत्या ओळीवर पडलं की पुढच्या ओळी अटीच्या बाहेर. मग सवलत फक्त ज्येष्ठांना द्यायची, ती सगळ्यांना मिळणार. कंपायलरच्या दृष्टीने व्याकरण बरोबर आहे, मग तो कशाला बोलेल? अट संपल्याचं स्पष्ट लिहायची सोय स्टँडर्डमध्ये १९८५ मध्ये आली.

इतर भाषांचं काय चाललं होतं? फोरट्रानचा १९५७ चा पहिला कंपायलर चूक दिसली की थांबायचा आणि एक कोड दाखवायचा. त्याचा अर्थ पुस्तकातल्या तक्त्यात शोधायचा. कॉर्नेल विद्यापीठातला पीएल-सी हा कंपायलर याच्या अगदी उलट. पंचकार्ड देऊन निकालाची वाट बघत बसणाऱ्या विद्यार्थ्याची खेप एका स्वल्पविरामासाठी वाया जाऊ नये, म्हणून तो चूक स्वतःच दुरुस्त करून प्रोग्राम पुढे चालवायचा प्रयत्न करायचा. तुमच्या कीबोर्डचा ऑटोकरेक्टच! त्याचे फायदे-तोटे तुम्हाला वेगळे सांगायला नकोत.

साठीनंतरचं काम

१९६६ च्या शेवटी नौदलाने हॉपर यांना वयामुळे निवृत्त केलं. साठ वर्षं पूर्ण झाली होती. आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्याच नौदलाने त्यांना परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी. नौदलाकडे अनेक कंपन्यांचे कॉम्प्युटर होते. सगळ्यांवर नावाला कोबोल, पण प्रत्येक कंपायलरची बोली निराळी. कोणी जास्तीची सोय घातलेली, कोणी अवघड भाग गाळलेला. सहा महिन्यांची मुदत पुढे बेमुदत झाली.

हॉपर आणि त्यांच्या टीमने केलं काय, तर कंपायलरचीच परीक्षा काढली. कल्पना इतकी सोपी की हसू येईल. कोबोलमध्येच छोटे छोटे प्रोग्राम लिहायचे. प्रत्येकात भाषेतली एक सोय वापरायची, जिचं बरोबर उत्तर आधीच माहीत आहे. प्रोग्राम स्वतःच आलेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर ताडून बघणार आणि पास की नापास ते छापणार. हे प्रोग्राम कुठल्याही कंपनीच्या मशीनवर चालवा. विक्रेता कितीही गोड बोलो, छापलेला कागद खोटं बोलत नाही.

याने सगळ्या चुका सगळीकडे सारख्या पकडल्या जायला लागल्या असं नाही. वरचं एस-झिरो-सी-सेव्हन बघाच. जिथे स्टँडर्ड गप्प, तिथे परीक्षाही गप्प. पण जिथे स्टँडर्ड बोलतं, उदाहरणार्थ आकडा मावला नाही आणि तुम्ही तशी सूचना दिली आहे, तिथे पळवाट उरली नाही. १९६८ मध्ये कोबोलचं पहिलं अमेरिकन स्टँडर्ड आलं. सरकार हे फार मोठं गिऱ्हाईक, आणि सत्तरच्या दशकात सरकारला कंपायलर विकायचा तर तो या चाचण्यांना बसवणं आलं. कंपन्या सुतासारख्या सरळ झाल्या. माझ्या मते कोबोल टिकली याचं बरंच श्रेय या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाला जातं. त्यावर रील बनत नाही, हा त्याचा दोष नाही.

पुढचं तुम्ही कुठेही वाचाल. १९७३ मध्ये कॅप्टन, १९८३ मध्ये कमोडोर, १९८५ मध्ये त्याच पदाचं नाव बदलून रिअर ॲडमिरल. भाषणांत त्या जवळपास एक फुटाच्या तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त जेवढं अंतर कापू शकते तेवढी ती तार. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं. कायम असंच करत आलोय, या सबबीचा त्यांना तिटकारा होता. १४ ऑगस्ट १९८६ ला, ७९ व्या वर्षी, बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्या नौदलातून कायमच्या निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार म्हणून रुजू! १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव आहे, आणि २०१६ मध्ये मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

चाचण्यांचं काम नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे गेलं आणि संच वाढत गेला. १९८५ च्या स्टँडर्डसाठी तयार झालेला संच आजही मोफत मिळतो. ग्नूकोबोल बनवणारी मंडळी आपला कंपायलर त्याच संचावर तपासतात. जी चाचणी फसली तिथे दोन आकडे शेजारी शेजारी छापले जातात, एक कंपायलरने काढलेला आणि एक बरोबर.

घरी लॅपटॉप असेल तर ग्नूकोबोल टाकून एक प्रयोग करून बघा. बारा महिन्यांचा तक्ता बनवा आणि तेराव्या महिन्यात एक रक्कम लिहा. तेरा हा आकडा थेट लिहू नका, तो कंपायल करतानाच पकडला जाईल. व्हेरिएबलमधून द्या. आधी साधं कंपायल करून चालवा. मग डीबगचा पर्याय लावून तोच प्रोग्राम पुन्हा कंपायल करा आणि या वेळी काय होतं ते बघा.